वकील येतात कुठून?



केस कोर्टात जाणार असे ठरले की कोणत्याही महिला गटात पहिला प्रश्न येतो, "वकील बाई मिळेल का?" प्रश्न रास्त आहे. अंगावरचे वळ, अंथरुणातला जुलूम, सासरच्यांचे टोमणे हे परक्या पुरुषापुढे सांगायचे म्हणजे बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण या एका प्रश्नापाशी आपण थांबतो. ती वकीलबाई कुठून आली, कुणाच्या हाताखाली शिकली, आजवर कोणत्या तऱ्हेची कामे तिने चालवली, हे आपण विचारत नाही. विचारायचा धीर होत नाही. वकील म्हणजे मोठे माणूस, त्यांना आपण काय विचारायचे!

ज्यांच्या हाती पैसा आहे ते मात्र हे सारे विचारतात, आणि विचारूनच वकील नेमतात. कारखानदार, बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या यांची कामे पाहणाऱ्या वकिलांच्या पेढ्या मुंबईत फार जुन्या आहेत. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. आता पुण्या-नागपूरसारख्या शहरांतही व्यापारी कायद्याचेच काम करणारे वकील आहेत. आपल्या देशात वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. २००८ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने आपल्या ३६ व्या नियमात थोडी सूट दिली. तेव्हापासून वकिलाला आपले नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाचे विषय एवढी माहिती संकेतस्थळावर देता येते. कंपनीचा अधिकारी ही ओळख बारकाईने वाचतो. याने कर्जवसुलीची कामे केली आहेत का? हिला जमिनीचे कायदे येतात का? भागीदारीच्या भांडणाला एक वकील, कराच्या प्रश्नाला दुसरा, लवादापुढे तिसरा. वकिलाची पूर्वपीठिका हा त्यांच्या दृष्टीने चांभारचौकशीचा विषय नसून व्यवहाराचा आहे.

या छापील ओळखीत एक गोष्ट मात्र नसते. इथपर्यंत पोचायला पैसा कुठून आला आणि पहिले दार कुणी उघडले, हे त्यात लिहीत नाहीत. आज देशातल्या मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांच्या शिखरावर स्त्रियाही आहेत, याचा आपल्याला आनंदच आहे. एझेडबी अँड पार्टनर्स या पेढीच्या संस्थापकांपैकी झिया मोदी या देशाचे माजी ॲटर्नी जनरल सोली सोराबजी यांच्या कन्या. केंब्रिज आणि हार्वर्डला शिकून, न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे काम करून त्या परत आल्या. शार्दूल अमरचंद मंगलदास या पेढीच्या पल्लवी श्रॉफ या माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या कन्या. यात त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा नाही. बाप वकील असलेले हजारो पुरुष याच वाटेने आले आणि त्यांना कुणी काही विचारले नाही. आपल्याला एवढेच नोंदवायचे आहे की या धंद्यात बाईसाठी दार उघडते ते बहुधा घराच्या आतून. ज्या मुलीच्या घरात कायद्याचे एकही पुस्तक नाही, तिच्यासाठी ते कोण उघडणार?

हा प्रश्न मुंबईचा वाटेल. म्हणून जरा कोंढ्याला येऊ. पवनी तालुक्यातले, धानाच्या पट्ट्यातले हे गाव. इथल्या बाईला कोर्टाची पायरी चढायची तर पवनी, पुढे भंडारा आणि वर जायचे तर नागपूर. व्यापारी कायदा हा शब्द तिने ऐकलेला नसतो. पण त्या कायद्याचे कागद तिच्या घरी ट्रंकेत असतात.

पहिला कागद कर्जाचा. बचत गटाच्या नाहीतर एखाद्या खाजगी कंपनीच्या कर्जासाठी तिने सह्या केलेल्या असतात, कधी दुसरीसाठी जामीन राहिलेली असते. छोट्या कर्जाला तारण मागू नये, हप्ता कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला दारात येऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत घालून दिले. हे तिला कुणी सांगितलेले नसते. धंद्यासाठी मोठे कर्ज घेताना कोरा चेक दिला असेल तर गोष्ट आणखी बिकट. चेक वटला नाही तर १९८९ पासून तो फौजदारी गुन्हा आहे. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटला, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने खटला चालतो तो ज्याच्या नावे चेक आहे त्याच्या खात्याची शाखा असेल तिथल्या कोर्टात. कंपनीचे खाते नागपूरला असले तर पेशी नागपूरला. रोवणीच्या दिवसांत एका पेशीला गेले म्हणजे एक मजुरी बुडाली आणि गाडीभाडे वर.

दुसरा कागद जमिनीच्या मोबदल्याचा. याच तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. ३७२ कोटींच्या अंदाजाने सुरू झालेले काम हजारो कोटींवर गेले, आणि कितीतरी गावे उठली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला कमी वाटला तर निषेध नोंदवूनच तो घ्यावा लागे, आणि निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत अर्ज करावा लागे. ज्यांना जाणता वकील मिळाला ते वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात गेले. निवाडा हा शब्दच जिला कळला नाही, जिचे नाव सातबाऱ्यावर नवऱ्यानंतर चढलेच नव्हते, तिचे सहा आठवडे सुतकात नाहीतर सामान हलवण्यात निघून जातात.

तिसरा कागद हक्कसोडपत्राचा. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तो सोडल्याचा कागद भाऊ तयार करून आणतो, बहीण साडीचोळीवर सही करते. सहीपूर्वी तो कागद तिला कुणी वाचून दाखवत नाही.

हे तिन्ही कागद कुणीतरी लिहिलेले आहेत. कर्जाच्या करारातले प्रत्येक कलम एखाद्या जाणत्या वकिलाने विचारपूर्वक घातलेले असते. वाद झाला तर लवाद कोण, तो बसणार कुठे, दंडव्याज किती, जामीनदार किती बांधील. लवाद कंपनीनेच एकटीने नेमायचा आणि तो बसणार दूरच्या शहरात, असे कलम कितीतरी करारांत असायचे. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. पण कंपनीच्या नोटिसीला उत्तर देताना हे लिहायचे कुणी? बाईच्या बाजूचा तालुक्याचा वकील सकाळी जामिनाचा अर्ज करतो, दुपारी फारकतीची केस चालवतो, संध्याकाळी विक्रीपत्र लिहितो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तालुक्यात पोट असेच भरते. पण एका बाजूला त्याच एका विषयात मुरलेला वकील आणि दुसऱ्या बाजूला सगळेच थोडे थोडे करणारा, अशी ही लढाई होते. बाई मुळात तिथेच हरते.

आणि हरते तेव्हा आपल्याला ते कळतही नाही, कारण या केसेस आपण "बायकांच्या केसेस" मध्ये धरतच नाही. हा आपल्या चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे. आपली कायद्याशी ओळख झाली ती अत्याचाराच्या प्रकरणांतून. १९७२ मध्ये लाखांदूरच्या पलीकडे देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. मथुरा प्रकरण म्हणून ते देशाला माहीत आहे. त्या निकालावर १९७९ मध्ये चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार. या पत्राने ठिणगी पडली, गावोगाव मोर्चे निघाले, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पुढे हुंडाबळी, ४९८-अ, पोटगी, कौटुंबिक हिंसा, कामाच्या जागी होणारा छळ, अशी आपली वाट ठरत गेली. ती वाट योग्यच होती. मार खाणाऱ्या बाईला आधी वाचवायचे असते.

पण या वाटेवरून चालताना पैशाचा कायदा दुसऱ्यांच्या हातात राहिला. बाई मारझोड सहन करत त्याच घरात का राहते, याचे उत्तर आपण सगळ्याजणी जाणतो. जायला घर नाही, नावावर जमीन नाही, हातात पैसा नाही. म्हणजे हिंसेच्या केसचे मूळही पुष्कळदा त्या ट्रंकेतल्या कागदांत असते.

खरे तर या देशातल्या पहिल्या स्त्री-वकिलाने सुरुवात मालमत्तेच्या कामापासूनच केली होती. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पण तिथे बाईला पदवीच देत नसत. ती दारे १९२० मध्ये उघडली. सनद नसताना त्यांनी काम शोधले ते पडद्यातल्या विधवांचे. दिवाण, कारभारी, दीर यांनी गिळलेल्या इस्टेटी, न वाचता केलेल्या सह्या, अज्ञान मुलांचे हक्क. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना या कामावर नेमले. सोराबजींचे राजकारण आपल्याला पटणारे नाही, त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. पण बाईचे दुःख तिच्या कागदपत्रांत शोधायचे असते हे त्यांनी ओळखले होते.

बाईला वकिली करता येईल असा कायदा झाला १९२३ मध्ये. त्याआधी कलकत्त्याला रेजिना गुहा आणि पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचे अर्ज न्यायालयांनी फेटाळले होते, कारण कायद्यातल्या "व्यक्ती" या शब्दात बाई येत नाही असा न्यायमूर्तींचा अर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री-बॅरिस्टर मिठन टाटा, पुढे लाम. त्यांच्या आई हेराबाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या, आणि १९१९ मध्ये मायलेकी त्यासाठी लंडनला गेल्या होत्या. म्हणजे तिथेही दार आईने उघडले, आणि बोटीचे भाडे घरात होते.

ज्याच्या घरात ते नव्हते अशा वकिलाची गोष्ट भंडाऱ्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर कामे देत नसत. जे आले ते गोरगरिबांचे काम त्यांनी घेतले, आणि घर चालवायला १९२५ पासून काही वर्षे बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. हे पुष्कळांना माहीत नसते. व्यापारी कायदा शिकवणारा हाच माणूस पुढे हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्कासाठी झगडला आणि त्या बिलाची वाट अडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपल्या जिल्ह्याने त्यांना पाडले, तेही लक्षात ठेवू. रुपयाचा, मालमत्तेचा कायदा त्यांना आतून कळत होता, म्हणून बाईला नुसती सहानुभूती देऊन भागणार नाही, वाटा द्यावा लागेल, हे त्यांनी जाणले.

आज देशातल्या वकिलांत बायका किती? २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी जाहीर भाषणात सांगितले की १७ लाख वकिलांपैकी स्त्रिया १५ टक्केच, आणि राज्यांच्या बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत फक्त २ टक्के. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कौन्सिलांवर ३० टक्के स्त्रिया असाव्यात असे सांगितले, ते बरेच झाले. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो या बायकांना काम कोणते मिळते हा. पोटगी, फारकत, मुलांचा ताबा म्हटले की "त्या मॅडमकडे जा". जमिनीचा दावा, बँकेचे काम, भागीदारीचा वाद म्हटले की पक्षकाराची पावले आपोआप पुरुष वकिलाकडे वळतात. आपल्या गटांचीही वळतात, हे कबूल केले पाहिजे. ज्या कामात फी आहे, नाव आहे, ते काम बाईकडे येत नाही. मग अनुभव येत नाही. अनुभव नाही म्हणून पुन्हा काम येत नाही.

हे रिंगण तोडता येते. इंदिरा जयसिंग यांना १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वरिष्ठ वकील केले, तो मान मिळालेल्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून आईची सही चालणार नाही, बापाची लागेल, असे बँकेने गीता हरिहरन यांना सांगितले. त्या एका फॉर्मवरून जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९९९ मध्ये आईचे पालकत्व मान्य करून घेतले. बँकेच्या फॉर्मात पुरुषसत्ता बसलेली असते हे ओळखायला चळवळीची नजर लागते, आणि तिला तिथून उठवायला बँकेचा कायदा यावा लागतो. एकाच माणसात दोन्ही असतील तर काय होते ते या केसने दाखवले.

अशी नजर घराण्यातून येत नाही. फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी स्वतः नवऱ्याची मारहाण सोसली, त्याविषयी उघडपणे लिहिले, चळवळीत आल्या, मग कायदा शिकल्या आणि मुंबईत मजलिस उभी केली. संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर परित्यक्तांच्या लढ्याबरोबर वाढल्या. कोणत्याही पेढीच्या छापील ओळखीत न बसणारी ही पूर्वपीठिका आहे, आणि आपल्या कामाला तीच लागते.

मग कोंढ्याची, अड्याळची, पवनीची मुलगी वकील का होत नाही? हुशारी कमी आहे म्हणून खचितच नाही. कोणत्याही शाखेची पदवी घेतली की तीन वर्षांचा एल.एल.बी. करता येतो. फीचा अडसर काहीसा कमी झाला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. सनदेसाठी काही राज्यांत ४० हजारांच्या वर पैसे घेत, तेही ३० जुलै २०२४ च्या निकालाने थांबले. खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

खरी खिंड त्याच्या पुढे आहे. सनद मिळाल्यावरची पहिली तीन-चार वर्षे. सकाळी सिनियरच्या ऑफिसात, दिवसा कोर्टात, संध्याकाळी पुन्हा ऑफिसात. नकला काढा, तारखा घ्या, फायली वाहा. हातात पडते ते कधी जाण्यायेण्याचे भाडे, कधी तेही नाही. ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. त्यात २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरवली. अनुभवाचा मुद्दा चुकीचा नाही. पण ज्या मुली शिक्षण संपताच अभ्यास करून न्यायाधीश होण्याची आशा धरत होत्या, त्यांना आता तीच बिनपैशाची तीन वर्षे आधी काढावी लागतील. बाप वकील असलेल्या मुलाला ही वर्षे घरच्या जेवणावर निघतात. शेतमजुराच्या मुलीला भंडाऱ्यात खोली, डबा, काळा कोट आणि पुस्तके लागतात. वर घरून दर आठवड्याला निरोप येतो की स्थळ आले आहे. कोर्टात बायकांसाठी धड संडास नसतो, ज्युनियर मुलीकडे पाहण्याची काहींची नजर वेगळी असते, आणि तक्रार करावी तर पुढे कुणी काम शिकवणार नाही ही भीती. या खिंडीत बहुतेक मुली गळतात. वकिली कुणाच्या घरात राहणार हे परीक्षेत ठरत नाही, या तीन वर्षांत ठरते.

इथे एक सावधगिरीही हवी. बाई आहे किंवा आपल्या जातीची, आपल्या गावची आहे एवढ्याने वकील आपला होत नाही. कंपनीचा वसुलीचा दावा चालवणारी बाईही असू शकते, आणि ती तिचे काम करत असते. प्रत्येक पक्षाला वकील मिळाला पाहिजे हे न्यायाचे तत्त्वच आहे, त्यावर आपला राग नसावा. उलट वकिलाच्या घराण्यातून आलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांनी आपल्या केसेस फी न घेता चालवल्या आहेत. पूर्वपीठिका पाहायची ती कुणाला झिडकारायला नव्हे. या माणसाला काय येते, काय येत नाही आणि कुठे आपल्यालाच त्याला समजावून द्यावे लागेल, हे कळावे म्हणून पाहायची. ज्याने कधी धानाची बांधी पाहिली नाही त्याला तिचा मोबदला मागताना बांध, विहीर, बांधावरची झाडे सांगावी लागतात. ती सांगितली नाहीत तर कागदावर येत नाहीत, आणि कागदावर नाही ते कोर्टासाठी नाही.

तेव्हा गटांनी काय करावे? आमच्या मते चार कामे लगेच हाती घेता येतील.

पहिले, वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी विचारायची सवय लावू. सनद कधीची? अशा तऱ्हेच्या किती केसेस चालवल्या? समोरच्या कंपनीचे, बँकेचे काम कधी घेतले आहे का? पेशीला स्वतः येणार की ज्युनियर? फी किती, पावती मिळेल का? कागदांच्या नकला आम्हाला देणार का? चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही.

दुसरे, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क वापरू. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता वकील देण्याची तरतूद आहे. तालुक्याला विधी सेवा समिती असते, फोनवर १५१०० या क्रमांकावर विचारता येते. २०१० च्या नियमांप्रमाणे या यादीतले वकील साधारणतः किमान तीन वर्षे वकिली केलेले असावेत आणि वेगवेगळ्या तऱ्हेच्या केसेससाठी वेगवेगळ्या याद्या असाव्यात. आपल्या तालुक्याची यादी मागून घेऊ. तीत बायका किती, जमिनीचे आणि कर्जाचे काम जाणणारे किती, हे बघू आणि नसतील तर लेखी मागणी करू.

तिसरे, हिंसेच्या केसबरोबर पैशाची फाइलही उघडू. बाई मदतीला आली की सातबारा, फेरफार, कर्जाचे कागद, दिलेले चेक, केलेल्या सह्या यांची यादी त्याच दिवशी लिहून काढू. न वटलेल्या चेकच्या नोटिसीला १५ दिवस असतात, ते महिन्याच्या बैठकीची वाट पाहत नाहीत.

चौथे काम लांब पल्ल्याचे आणि सर्वांत मोलाचे. प्रत्येक तालुक्यातून दोन मुली निवडू आणि त्यांच्या त्या तीन वर्षांचा भार गटांनी मिळून उचलू. भंडाऱ्यात राहण्याची सोय, महिन्याचा ठराविक खर्च, सन्मानाने शिकवणारा सिनियर शोधून देणे, आणि घरच्यांशी आपण जाऊन बोलणे. अट एकच असावी : फारकतीबरोबर जमीन, बँक, करार यांचेही काम त्यांनी शिकावे. वर्गणी कशी जमवायची, मुली कशा निवडायच्या, यावर आपापल्या गटात बोला आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पाने राखून ठेवली आहेत.

दहा वर्षांनी पवनीच्या कोर्टात कर्जाच्या करारातले कलम वाचून "हे चालणार नाही" असे सांगणारी मुलगी उभी राहायची असेल, तर तिच्या जेवणाच्या डब्याची सोय आज करावी लागेल.